टँकर नको, टाइमटेबल द्या : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून ढीग झालाय, आणि निम्म्याहून जास्त एकाच विषयावर: नळ, नाली, रस्ता आणि नगरसेवक. साहजिकच आहे. डिसेंबरात नगरपरिषदा झाल्या, 15 जानेवारी 2026 ला महापालिकांचं मतदान झालं, गुलाल उधळून झाला, आता लोक विचारायलेत की पुढं काय. संभाजीनगरात तर एप्रिल 2020 पासून सभागृहच नव्हतं, प्रशासकच बजेट मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार, त्यामुळं तिथल्या नव्या मतदारांनी नगरसेवक नावाचा माणूस काम करताना बघितलेलाच नाही. मी एका छोट्या नगरपालिकेत एक टर्म बसलेय, त्या अनुभवावर उत्तरं देतेय, वकिलाचा सल्ला समजू नका. नावं सगळ्यांचीच काढलीत, आपल्याकडं कोण कुणाच्या विरोधात लिहिलं हे चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत कळतं.

प्रश्न : ताई, लातूरहून लिहिते. आमच्या गल्लीत आठ दिवसाला नळ येतो, कधी दहा, आन् येतो ते बी रात्री दोन वाजता. मांजरा भरलं म्हणून पेपरात फोटो येतेत मग नळाला का म्हून येत नाही हे कुणी सांगत नाही. आम्ही बायांनी घागरी घेऊन मोर्चा काढला, नगरसेवक भाऊ आले, लई गोड बोलले, दुसऱ्या दिवशी टँकर पाठवला, तिसऱ्या दिवशी बी. मग बंद. आता परत जाऊ म्हटलं तर निम्म्या बाया म्हणू लागल्यात की भाऊनं आपल्याला पाणी दिलंय, वाकडं कशाला घ्यायचं. काय करावं?

उत्तर : तुमचा मोर्चा त्या टँकरनंच फोडला, आणि तो त्यासाठीच पाठवलेला होता. भाऊनं टँकर स्वतःच्या खिशातून दिला की महापालिकेच्या पैशातून हे आधी विचारून घ्या. महापालिकेचा असेल तर पैसे तुमचे, पाणी तुमचं, आणि नाव मात्र भाऊचं. पाणी आलं तर भरून घ्या, तहान काय राजकारण बघत नसते, पण अर्जात टँकर मागू नका. टँकर मागितला की तुम्ही मागणारे आणि तो देणारा, विषय तिथंच संपतो.

आता धरण भरलंय तरी नळ कोरडा का, याचं. 2016 ला लातूरवर जी वेळ आली तेव्हा धनेगावला मांजरा धरणात खरंच पाणी नव्हतं, म्हणून एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. आज तुम्ही म्हणता धरणात पाणी आहे. मग प्रश्न धरणाचा नाही, धरणापासून तुमच्या तोटीपर्यंतच्या रस्त्याचा आहे. उपसा किती होतो, जलशुद्धीकरणाची ताकद किती, तुमची टाकी किती लिटरची आणि ती रोज पूर्ण भरते का, एका टाकीवर किती भाग जोडलेत, लाइन किती जुनी, मधे गळती कुठं, पंपाचं लाइटबिल थकलंय का. यातलं एकच काहीतरी तुमचं पाणी अडवत असतं, कधी दोन-तीन मिळून. आणि ते काय आहे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला माहीत असतंच, ते तुम्हाला कागदावर द्यायला लावायचंय, बास.

त्यासाठी आधी एक वही घाला. साधी शंभर पानी. गल्लीच्या सुरुवातीचं एक घर, मधलं एक आणि शेवटच्या टोकाचं एक, अशा तीन घरांनी लिहायचं: तारीख, नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, आणि पाण्याला जोर किती. जोर कसा लिहायचा तर एक घागर भरायला किती मिनिटं लागली ते लिहा. सुरुवातीच्या घरी दीड मिनिटात घागर भरते आणि टोकाला दहा मिनिटं लागतात असं निघालं तर पाणी येतंय पण वाटेत जातंय. कुठं जातंय हे शोधताना जरा अवघड जाईल, कारण तुमच्याच मोर्चातल्या दोन-चार घरांनी नळाला डायरेक्ट मोटार लावलेली असणार. हे आधी आपसात मिटवा. मोटारी काढल्याशिवाय अर्ज दिला तर लाइनमन सगळ्यांसमोर तेच दाखवील आणि तुमचं तोंड बंद.

महिनाभराची वही झाली की झेरॉक्स काढून अर्जाला जोडा आणि अर्जात फक्त तीन गोष्टी मागा: आमचा भाग कोणत्या टाकीवर आहे, त्या टाकीवरच्या सगळ्या भागांचं पाणी सोडायचं टाइमटेबल, आणि मागच्या तीन महिन्यांत ते प्रत्यक्ष कधी सुटलं त्याची नोंद. टाइमटेबल एकदा भिंतीवर लागलं ना, की रात्री दोनला का आणि शेजारच्या भागाला पाच दिवसाला तर आम्हाला दहा दिवसाला का, हे प्रश्न भाऊला नाही, कार्यकारी अभियंत्याला विचारता येतात. आणि ते पाणी सगळ्या गल्लीला येतं, भाऊच्या माणसांना आधी आणि बाकीच्यांना नंतर असं होत नाही. त्या निम्म्या बाया पण परत येतील, कारण यात भाऊच्या विरोधात काहीच नाहीये, उलट भाऊला म्हणा सही तुम्हीच करा पहिली.

मोर्चा वाईट म्हणत नाहीये मी. पण संभाजीनगरचं बघा. जायकवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर, जुनी पाइपलाइन आहे, तरी आठवड्यानं पाणी. समांतर जलवाहिनी आली, खासगी कंपनीकडं गेली, 2016 ला तो करार रद्द झाला. मग 1680 कोटींची नवीन योजना, डिसेंबर 2020 ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हातून भूमिपूजन. मे 2022 ला विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचा जलआक्रोश मोर्चा, लई मोठा, आणि महिना-सव्वामहिन्यात तेच सत्तेत. त्याच वर्षी 4050 रुपयांची पाणीपट्टी निम्मी करून टाकली, म्हणजे जे पाणी येतच नव्हतं ते अर्ध्या किमतीत न येऊ लागलं. योजनेचा खर्च पुढं 2740 कोटींवर गेला. या सगळ्यात कामाचा हिशोब तारखेवार कुणी घेतला तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं, कारण तिथं याचिका चालू होती आणि दर तारखेला किती किलोमीटर पाइप टाकला हे लिहून द्यावं लागत होतं. मोर्चात माणसं लाख असोत, लिहून द्यावं लागतं तेव्हाच साहेब लोक जागे राहतात.

प्रश्न : जालन्याहून. आमच्या इथं नगरपालिका जाऊन महापालिका झाली, बोर्ड बदलला, रस्ते तेच. गल्लीतला नवा डांबरी रस्ता पहिल्या पावसात उखडला. माहिती अधिकार टाकला तर उत्तर आलं की "माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही". त्यानंतर गुत्तेदाराचा माणूस दुकानावर येऊन चहा पिऊन गेला, म्हणला शेठ समजून घ्या. आता घरचे म्हणतेत सोडून दे. सोडू का?

उत्तर : सोडू नका, पण एकट्यानं पण करू नका. धमकी चहाच्या कपातूनच येते आपल्याकडं. पाच वेगवेगळ्या लोकांच्या नावानं पाच अर्ज टाका, त्यात एखादी आज्जी आणि एखादे रिटायर्ड गुरुजी असले तर फारच छान. माणूस परत आला तर पोलिस ठाण्यात तक्रारीचा साधा अर्ज देऊन पोहोच घ्या, एफआयआर होवो न होवो, कागद राहतो. आणि एक कटू गोष्ट सांगते, राग मानू नका. काही लोकांनी माहिती अधिकार टाकून गुत्तेदाराकडून पैसे काढायचा धंदा केलाय, म्हणून तो माणूस इतक्या सहज "समजून घ्या" म्हणाला. त्याला वाटलं तुम्ही पण त्यातलेच. म्हणून मिटवामिटवीची बोलणी तर सोडाच, एकट्यात भेटू पण नका त्याला, दुकानात आला तर शेजाऱ्याला बोलावून घ्या.

आता अर्जाचं. तुम्ही काय मागितलं होतं ते पत्रात लिहिलेलं नाही पण मी अंदाज करते: "शहरातील सर्व रस्त्यांच्या कामांची संपूर्ण माहिती मिळावी". असंच असतं. मग त्यांना "विस्तृत" म्हणायला मोकळं रान. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमानं अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. तुमच्या एकाच रस्त्याचं मागा. कार्यारंभ आदेश, इस्टिमेट, मोजमाप पुस्तिका, आणि दोषदायित्व कालावधी किती हे दाखवणारं करारातलं पान. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, माहिती का पाहिजे हे सांगायची गरज नाही, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा असं टोलवलं तर तिथंच पहिलं अपील करा, तिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्याचा निकाल लागायला पाहिजे. त्याच्यापुढं संभाजीनगरचं माहिती आयोगाचं खंडपीठ, तिथं नंबर लागायला वेळ जातो, म्हणून शक्यतो पहिल्या अपिलातच मिटेल असा नेमका अर्ज लिहा.

मोजमाप पुस्तिका, ज्याला सगळे एमबी म्हणतात, ती महत्त्वाची. गुत्तेदाराचं बिल त्या वहीवरून निघतं. कनिष्ठ अभियंता त्यात लिहितो की इतके मीटर लांब, इतका रुंद, खडीचा थर इतका, डांबराचा थर इतका. आता तुमचा रस्ता उखडलाच आहे, म्हणजे खणायची पण गरज नाही. कडेला जिथं पापुद्रा सुटलाय तिथं पोराच्या कंपासमधली पट्टी उभी धरा आणि जाडी वाचा. शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून फोटो काढा. दहा-बारा ठिकाणी असं करा, प्रत्येक जागा कुणाच्या घरासमोर ते लिहा. मग एमबीतला आकडा आणि पट्टीवरचा आकडा शेजारी-शेजारी लिहून आयुक्तांना द्या. मी सभागृहात होते तेव्हा भाषणं खूप ऐकली, भ्रष्टाचार झाला, चौकशी झाली पाहिजे, टेबल वाजवणं. कुणी घाबरलेलं बघितलं नाही. एका नागरिकानं एमबीची झेरॉक्स आणि पट्टीचे फोटो आणले तेव्हा मात्र इंजिनिअर साहेबांनी पाणी मागितलं.

आणि दोषदायित्व कालावधीतच रस्ता उखडला असेल तर दुरुस्ती गुत्तेदारानं फुकट करून द्यायची असते, नवीन टेंडर काढायचं नसतं. हे मुद्दाम सांगते कारण पुढच्या बजेटात तोच रस्ता परत येतो, "मजबुतीकरण" नावानं, आणि नारळ फोडायला परत तेच लोक. एक विसरू नका, अर्ज आवक-जावकला द्या, साहेबांच्या हातात नाही. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये जातो. आवकच्या खिडकीवर क्लार्क म्हणेल "ठेवा, शिक्का नंतर देतो", तर तिथंच उभं राहायचं, हसतमुख, शिक्का-तारीख-सही होईपर्यंत.

प्रश्न : परभणी. आमच्या एका प्रभागात चार नगरसेवक आहेत. एकाकडं गेलं की म्हणतो तो भाग माझ्याकडं नाही. चौघांतल्या एक ताई आहेत, त्यांचा फोन त्यांचे मिस्टरच उचलतात. जायचं तरी कुणाकडं?

उत्तर : चौघांकडंही जाऊ नका, चौघांना एकच पत्र द्या, वर चौघांची नावं आणि खाली "प्रत: प्रभाग समिती / क्षेत्रीय कार्यालय". अ, ब, क, ड या फक्त निवडणुकीच्या जागा आहेत, आरक्षणासाठी पाडलेल्या, निवडून आल्यावर चौघंही अख्ख्या प्रभागाचे. भाग वाटून घेतलेत ते त्यांच्या आपसातलं, कायद्यात कुठं नाही. मिस्टरांचं म्हणाल तर पन्नास टक्के आरक्षण आलं 2011 ला, मिस्टर लोकांना अजून पत्ता लागलेला नाही. "ताईंशीच बोलायचंय, त्यांच्या सहीचं पत्र पाहिजे" असं प्रत्येक वेळी म्हणा. ताईंना पण त्याची मदतच होते, मी अनुभवानं सांगते.

आणि जमलं तर एक विचारून बघा: आमच्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी? गावात ग्रामसभा असते तशी शहरातल्या मतदारांची सभा आपल्या राज्याच्या कायद्यात 2009 लाच घातलीय. ती घेतलेली कुणी बघितली असेल तर मला कळवा.

प्रश्न : बीड. आम्ही सकाळी फिरायला जाणारी मंडळी, बिंदुसरेच्या काठावरचा कचरा काढायचं काम सुरू केलं, बघता बघता पन्नास-साठ लोक झाले. आमचे एक सर आहेत, सगळे त्यांना मानतात. आता एका पक्षानं सरांना स्वीकृत नगरसेवक, म्हणजे निवडणूक न लढता नेमलेला सदस्य, करतो म्हणून निरोप दिलाय. निम्मे म्हणतेत घ्या, आत जाऊन काम होईल. निम्मे म्हणतेत सर गेले की ग्रुप गेला. तुम्ही आतून बघितलंय, सांगा.

उत्तर : स्वीकृतची जागा कायद्यानं जाणकार माणसासाठी आहे, डॉक्टर, इंजिनिअर, समाजकार्य करणारा. प्रत्यक्षात ती तिकीट कापलेल्या कार्यकर्त्याची समजूत काढायला वापरतात, त्यामुळं सरांसारख्या माणसाला विचारलं यात आनंदच आहे. पण सरांना सभागृहात बोलता येईल, मत देता येणार नाही. मतदानाचा अधिकार स्वीकृत सदस्याला नसतो. आणि ज्या पक्षाच्या कोट्यातून जातील त्या पक्षाचं काम अंगावर आलं की बोलणं पण अवघड होईल, कारण "आम्हीच तुम्हाला आणलं" हे वाक्य ऐकावं लागणार. त्या टँकरचंच मोठं रूप आहे हे.

आत काय चालतं ते सांगते. सभेचा अजेंडा आधी येतो, पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, मग दहा-पंधरा विषय: दिवाबत्ती, नालेसफाई, एखाद्या चौकाचं नामकरण. नामकरणावर तासभर भांडण, आवाज चढतात, पत्रकार लिहून घेतात. मग सगळ्यात शेवटी एक ओळ, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तोपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते, पत्रकार गेलेले असतात, मागच्या बाकावरचे उठलेले असतात. ती एक ओळ पाच मिनिटांत वाचून होते, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. जागा भाड्यानं देणं, मुदतवाढ, वाढीव खर्चाला मान्यता, जे काही खरं असतं ते तिथं असतं. काही वेळा तर विषय सभेत येतच नाही, इतिवृत्त लिहिताना येतो. सर आत गेले तर त्यांच्यासमोर हे होईल आणि त्यांना मत नसेल, पण "सर्वानुमते" मध्ये त्यांचं नाव मात्र राहील.

त्यापेक्षा तुमच्यातले चार जण प्रत्येक सभेला जाऊन बसा. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांना बसून बघता येते. काही बोलायचं नाही, वही काढून बसायचं, शेवटपर्यंत. ऐनवेळचे विषय लिहून घ्या आणि नंतर ठरावाच्या प्रती मागा, जुळत नसेल तर नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं ठराव तहकूब करायला अर्ज करता येतो. आणि सरांना खरंच जायचं असेल तर जाऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या दिवसापासून ग्रुपचा प्रमुख दुसरं कुणीतरी, आणि नदीच्या अर्जावर सरांची सही नको. माझं मत विचाराल तर सरांनी पुढच्या वेळी सरळ निवडणूक लढवावी, पडले तरी चालेल. मताच्या बळावर गेलेला माणूस वेगळा बसतो खुर्चीत.

प्रश्न : संभाजीनगर. आमच्या सोसायटीजवळच्या मोकळ्या जागेत कचरा प्रक्रिया केंद्र येणार म्हणे. आम्ही विरोध करायला कमिटी केली. तर माझी मुलगीच म्हणाली, बाबा, मग तो कुणाच्या दारात टाकायचा? उत्तर सुचलं नाही. आम्ही स्वार्थी आहोत का?

उत्तर : मुलगी हुशार आहे, कमिटीत घ्या तिला. नारेगाव आठवतं ना? तीस-पस्तीस वर्षं शहराचा कचरा नारेगाव-मांडकीच्या माथी मारला, ढीग डोंगराएवढा झाला, विहिरींचं पाणी गेलं, माशांमुळं जेवणं अवघड, पाहुणे येईनात. दरवेळी महापालिका मुदत मागायची, गावकरी आश्वासन घेऊन घरी जायचे. फेब्रुवारी 2018 ला त्यांनी गाड्या अडवल्या आणि या वेळी उठलेच नाहीत. मागणी एकच, इथं एकही गाडी नको. पालकमंत्री आले, आमदार आले, वेळ द्या म्हणाले, गावकरी हलले नाहीत, आणि हायकोर्टानं पण तिथं कचरा टाकायला मनाई केली. इतकी वर्षं ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांनी अख्ख्या शहराला आपल्या कचऱ्याकडं बघायला लावलं. मला तर ते आपल्याकडचं अलीकडचं सगळ्यात खणखणीत आंदोलन वाटतं.

पण त्याची दुसरी बाजू पण तुमच्याच शहरानं बघितली. कचरा रस्त्यावर साचला, महापालिका रात्रीच्या गाड्या कुठं कुठं रिकाम्या करायला निघाली, प्रत्येक ठिकाणी लोकांनी अडवलं, आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार, पोलिस घरात घुसून मारतानाचे व्हिडिओ. महापालिका आयुक्तांची बदली झाली. त्यानंतर कुठं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथली प्रक्रिया केंद्रं आणि कांचनवाडीचा बायोगॅस मार्गी लागले. म्हणजे "आमच्याकडं नको" असं सगळ्यांनीच म्हटल्यावर काय होतं हे शहराला माहीत आहे.

तुम्ही विरोध करा, पण डेपोला करा, प्रक्रिया केंद्राला अटी घाला. रोज किती टन येणार, फक्त वेगळा केलेला येणार का, प्रक्रिया न झालेला कचरा किती तासांत हलवणार, दुर्गंधी मोजणार कोण, आणि यातलं मोडलं तर केंद्र बंद करायचा अधिकार कुणाचा. हे लेखी घ्या, बांधकाम सुरू व्हायच्या आधी. आणि अटी घालायला जायच्या आदल्या महिन्यात तुमच्या सोसायटीचा ओला कचरा सोसायटीतच जिरवायला सुरुवात करा. वेगळा करणं नियमानं बंधनकारकच आहे, उपकार नाहीत. बैठकीत अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार, की साहेब तुमच्याकडून घंटागाडीत मिक्स कचरा येतो, आम्ही काय करणार. त्या वेळी तुमच्याकडं उत्तर पाहिजे. अजून एक. कमिटीत सोसायटीवालेच असतील तर त्या मोकळ्या जागेच्या पलीकडं पत्र्याच्या घरात राहणारे पण घ्या, वास त्यांना आधी येणार आहे आणि त्यांना कुणी बैठकीला बोलावणार नाही.

प्रश्न : नांदेडहून एक ज्येष्ठ नागरिक. आम्ही तरुणपणी मराठवाडा विकास आंदोलनात होतो. आता वाटतं हे नळ-नालीचे अर्ज म्हणजे पोरखेळ आहे. मूळ दुखणं अनुशेष आहे, म्हणजे विकासात मराठवाडा मागं राहिल्याची तूट, निधी सगळा तिकडं पश्चिम महाराष्ट्रात जातो. लढायचं तर त्याच्यासाठी लढा.

उत्तर : काका, तुमच्या पिढीचा मान ठेवूनच बोलते. अनुशेष खोटा नाही. दांडेकर समितीनं 1984 ला तो मोजून दाखवला, 1994 ला वैधानिक विकास मंडळ मिळालं, आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली तेव्हा मराठवाड्यात किती मोर्चे निघाले सांगा. सप्टेंबर 2023 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं, 45 हजार कोटींच्या वर घोषणा झाल्या. यादी कुणाच्या घरी आहे का? मराठवाड्याच्या विकासासाठी लढलेल्या गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीची ताकद आंदोलनात होती तेवढीच आकडेवारीत होती. जायकवाडीच्या पाण्याचंच बघा ना, 15 ऑक्टोबरला धरणात 65 टक्क्यांच्या खाली साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे भाषणांनी नाही मिळालं. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल, मराठवाडा जनता विकास परिषदेची कोर्टातली लढाई आणि 2016 चा हायकोर्टाचा निकाल, एवढं सगळं लागलं.

आणि निधी येत नाही हे अर्धं. आलेला किती खर्चच झाला नाही हे तुमच्या महापालिकेच्या वार्षिक लेख्यात असतं, वित्त आयोगाचा, नगरोत्थानचा, दलित वस्तीचा, हेडवार. तुम्हाला आकडे वाचता येतात, वेळ आहे, आणि तुम्हाला ऑफिसात खुर्ची पण मिळते, आमच्यासारख्यांना उभं राहावं लागतं. गल्लीतली दोन पोरं सोबत घ्या आणि तेवढं एक काम करा. त्या पोरांना आंदोलनाच्या गोष्टी पण सांगा, त्यांना खरंच माहीत नाहीत.

प्रश्न : धाराशिव. पाणी नाही, लाइट नाही, घंटागाडी नाही. आम्ही सगळ्या कॉलनीनं मालमत्ता कर भरायचा नाही असं ठरवतोय. बरोबर आहे का?

उत्तर : नका करू. थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस, ती पुढं कुणी माफ करील या भरवशावर बसू नका. माफी येते ती पण मोठ्या थकबाकीदारांसाठी, इमानदारीत भरणारा बघत बसतो. शिवाय तुमच्यातल्या कुणी उद्या निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं तर थकबाकीवरून अर्ज बाद होईल, आणि बैठकीत "आधी कर भरा" ऐकून घ्यावं लागेल ते वेगळं. बिलात बघा, स्वच्छता, दिवाबत्ती, पाणीपट्टी असे वेगवेगळे हेड असतात. कर भरा, सगळ्या कॉलनीनं एकाच दिवशी जाऊन भरा, आणि त्याच दिवशी आवकला पत्र द्या की या या हेडखाली आमच्या इतक्या घरांनी एकूण इतके रुपये भरले, त्यातली ही सेवा आम्हाला मिळाली नाही, कधीपासून मिळणार ते लेखी कळवा. पत्राला सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा, नगरपालिकेसमोरच्या दुकानात मार्चमध्ये लई गर्दी असते.